जुन्या नेटबुकवर पेनड्राइव्हने दुसरी सिस्टिम टाकायची आहे – मदत हवी (ठाणे)

रानजाई

मंडळी, नमस्कार. आईचा नेटबुक आहे. १०.१ इंची, २०११ च्या गणपतीत घेतलेला, १ जीबी रॅम, २५० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७ स्टार्टर. मधली बरीच वर्षं माळ्यावर होता. आई आता निवृत्त झालीय आणि तिला तोच हवाय. नवा लॅपटॉप घेऊन देते म्हटलं तर "ते धूड मांडीवर घेऊन कोण बसणार?" हा नेटबुक घेऊन ती गच्चीत बसते, पिशवीत टाकून भजनी मंडळात नेते.

काम फार नाही. मंडळाची पदं मराठीत टाइप करायची, भिशीचा हिशोब, एमपी३ गाणी, क्वचित ईमेल.

पण सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की तोवर कुकरच्या शिट्ट्या होतात. क्रोम अपडेट होत नाही. आणि कुठलीही साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून लाल पान येतं. स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला, तर त्याने झाकण न उघडताच "मॅडम, भंगारवालापण घेणार नाही" असं ऐकवलं.

विंडोज काढून लिनक्स (फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाकावं असं वाचलंय. नेटबुकला सीडी ड्राइव्ह नाही, त्यामुळे पेनड्राइव्हच. अडचण अशी की ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी पोर्ट बंद करून ठेवलेत आणि घरात बाकी फक्त अँड्रॉइड फोन. कुठलं लिनक्स घेऊ? पेनड्राइव्ह तयार कसा करू?

घोडबंदरी

सरळ सांगतो, राग मानू नका. पंधरा वर्षं जुन्या अॅटमवर (नेटबुकमधला इंटेलचा छोटा प्रोसेसर) वेळ घालवण्यात अर्थ नाही. ऑफिसातून निघालेले सेकंडहँड बिझनेस लॅपटॉप मिळतात, ४ ते ८ जीबी रॅमचे. तो घ्या, त्यावर विंडोज चालेल, आईंना सवयीचं राहील.

टपरीवाला

हे बघा, पहिल्याच प्रतिसादात 'फेकून द्या'. परंपरा जपली.

टर्मिनलबुवा

घोडबंदरी, ताईंनी काय विकत घेऊ असं विचारलेलंच नाही. 🙂

रानजाई, आधी एक बघून सांगा. अॅटम आहे हे कळलं, पण कुठला? विंडोजचं बटण आणि पॉज ही की एकत्र दाबा, प्रोसेसरचं पूर्ण नाव येईल. सगळं त्याच्यावर ठरतं.

एन२७० असेल तर तो निव्वळ ३२ बिट. २००८ च्या सुमाराचे बहुतेक नेटबुक याच चिपवर होते. एन४५०, एन४५५ असेल तर तो ६४ बिट चालवू शकतो, जरी कंपनीने वर ३२ बिट विंडोज टाकून दिलेलं असलं तरी. त्याच खिडकीत 'सिस्टिम टाइप ३२ बिट' असं दिसेल, त्यावर अजिबात जाऊ नका. ते विंडोजबद्दल आहे.

हा फरक पूर्वी फारसा जाणवायचा नाही, आता जाणवतो. कारण ३२ बिटवाल्यांची दुकानं एकेक करून बंद होतायत. उबुंटू, डेबियन ही लिनक्सचीच वाणं. उबुंटूने ३२ बिट डेस्कटॉप २०१७ मध्येच सोडलं. डेबियन टिकून होतं, पण ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सनेही ३२ बिट लिनक्सला १४४ व्या आवृत्तीनंतर, म्हणजे ऑक्टोबर २०२५ नंतर रामराम केला, मागे फक्त १४० ची ईएसआर (जास्त काळ पाठिंब्याची) शाखा राहिली. एन२७० निघाला तर डेबियन १२ किंवा त्यावर बेतलेलं अँटिएक्स २३ टाकता येईल, पण ती उसनवारीच.

आणि ते लाल पान. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा आधी. माझी पैज आहे की वर्ष चुकीचं असेल.

रानजाई

बुवा, पैज जिंकलात. १ जानेवारी २०१० दाखवतोय. नीट केली तरी चार्जर काढून परत लावला की पुन्हा तिथेच. बॅटरी तशीही गेलेली आहे, चार्जरवरच चालतो.

प्रोसेसर: इंटेल अॅटम एन४५५, १.६६ गिगाहर्ट्झ.

सेक्टर सतरा

आतला तारीख-वेळ सांभाळणारा बटण सेल मेलाय. बहुतेक मशीनमध्ये सीआर२०३२ असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. काही नेटबुकमध्ये मात्र तो वायर आणि छोट्या पिनसकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, तेव्हा उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असतं. मशीनला वाटतंय २०१० चालू आहे, म्हणून त्याच्या लेखी आजचं प्रत्येक प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही.

एन४५५ ला डीडीआर३ रॅम लागते, एन४५० ला डीडीआर२. दोघांची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची घेतली तर बसणारच नाही. खाली एकच स्लॉट असतो आणि २ जीबीच्या वर हा प्रोसेसर घेत नाही. २ जीबीची एक जुनी कांडी मिळवा. ठाण्यात नाही मिळाली तर वाशीला सेक्टर १७ मध्ये विचारा, तिथेही नाही तर लॅमिंग्टन रोड आहेच. खरं सांगायचं तर सिस्टिम बदलण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

घोडबंदरी

मग गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टिम का नको? फुकट आहे, पेनड्राइव्हनेच टाकतात, आणि आईंना शिकायला काही नाही.

टर्मिनलबुवा

त्याला किमान ४ जीबी रॅम लागते, इथे २ वर गाडी अडते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर या प्रोसेसरवर बूटच होणार नाही, तिला लागणाऱ्या एसएसई४.२ च्या सूचना यात नाहीतच.

एन४५५ आहे म्हटल्यावर मी डोळे मिटून डेबियन १३, ६४ बिट म्हणेन. डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) हलका, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. दुसरं कुठलं हलकं लिनक्सही चालेल, इथे प्रत्येकाचं कुलदैवत वेगळं आहे. डेबियनला साधारण तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (दीर्घकालीन) पाठिंबा मिळतो, म्हणजे २०३० पर्यंत कुणी याला हात लावायला नको. तुम्ही रोज घरी नसता, आईंनी स्वतः अपडेटची भानगड करावी अशीही अपेक्षा नाही. अशा ठिकाणी कंटाळवाणी सिस्टिम सगळ्यात बरी.

पेनड्राइव्हसाठी लॅपटॉप लागत नाही. फोनवर एचड्रॉइड नावाचं अॅप आहे, फुकट, फोन रूट करावा लागत नाही. ओटीजी अॅडॉप्टरने पेनड्राइव्ह फोनला जोडा, डेबियनची नेटइन्स्टची आयएसओ फाइल (छोट्या इन्स्टॉलरची अख्खी प्रतिमा, बाकीचं नेटवरून येतं) फोनमध्येच उतरवून घ्या, अॅपला दाखवा, लिहून होईपर्यंत फोनला हात लावू नका. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही हे लक्षात ठेवा, ती अॅपनेच पेनड्राइव्हवर लिहावी लागते. (हे अॅप लिनक्सच्या आयएसओसाठीच आहे. विंडोजचा पेनड्राइव्ह त्याने होत नाही.)

ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनी पेनड्राइव्ह लिहायला रूफस हा प्रोग्रॅम वापरा. जुन्या मशीनसाठी पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, जीपीटी नको. या नेटबुकना साधं बायोस (मशीन चालू करताच आधी जागं होणारं सॉफ्टवेअर) असतं, युईएफआय हे त्याचं नवं रूप नसतं. जीपीटी करून दिलं की काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत बसतो.

नंतर तो पेनड्राइव्ह विंडोजला लावलात तर 'फॉरमॅट करू का?' असं विचारेल. नाही म्हणा.

सेक्टर सतरा

पेनड्राइव्हबद्दल जोडतो. नेटइन्स्ट १ जीबीच्या आत असते, तेव्हा घरातला जुना ४ किंवा ८ जीबीचा पुरे. स्टेशनबाहेर स्वस्तात '१२८ जीबी' म्हणून मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. कित्येकदा आत जेमतेम ८ जीबीची चिप असते आणि आकडा खोटा दाखवायला लावलेला असतो. भरेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा पुढच्या फाइली गेलेल्या असतात.

अनुस्वार

रानजाई, पुढे जाण्याआधी एक प्रश्न. आईंनी आधी टाइप केलेली पदं कुठल्या फाँटमध्ये आहेत?

रानजाई

अनुस्वार, वर्डच्या फाइली आहेत. नेटबुकवर व्यवस्थित दिसतात, पण मी फोनवर घेतल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मला वाटलं फाइली खराब झाल्यात.

अनुस्वार

फाइली ठणठणीत आहेत. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फाँट वापरायचे, त्यातला प्रकार. फाइलीत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्या जागी 'क' किंवा 'म' चं चित्र काढतो. तो फाँट नसेल तर खिचडीच दिसणार.

म्हणून डिस्क पुसायच्या आधी कागदपत्रं, फोटो, गाणी तर घ्याच, पण विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्स हे अख्खं फोल्डरही दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. एकदा डिस्क पुसली की तो फाँट नेमका कुठला होता हे शोधत बसाल. आमच्या वाचनालयाच्या जुन्या याद्या अशाच अडकल्या होत्या. कोणीतरी संगणक 'साफ' करून दिला आणि फाँट गेला.

लिनक्सवर गेल्यावर होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं फाँट्स नावाचं फोल्डर करा आणि फक्त ते मराठी फाँट त्यात टाका. लिब्रेऑफिसमध्ये जुनी पदं जशीच्या तशी दिसतील. सवडीने कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. र्‍ह, र्‍य आणि रफार तपासत जा, कन्व्हर्टर नेमके तिथे धडपडतात.

टपरीवाला

मी पॉपकॉर्न घेऊन आलो होतो, वही काढावी लागली. वाचनखूण साठवली आहे.

रानजाई

अनुस्वार, हे कुणीच सांगितलं नसतं. शिवाजीच निघाला. फाँट्सचं फोल्डर घेतलं.

आता प्रगती. रॅम मिळाली, २ जीबी. मागचा छोटा दरवाजा एका स्क्रूवर होता, दोन्ही बाजूच्या क्लिपा सरकवल्या की जुनी कांडी आपोआप तिरकी वर येते. बटण सेल मात्र पार खाली, कीबोर्ड काढल्याशिवाय दिसणार नाही, तो नंतर बघू. एचड्रॉइडने पेनड्राइव्ह झाला.

पण नेटबुक पेनड्राइव्हकडे बघायलाच तयार नाही. एफ २ दाबून बायोसमध्ये गेले, बूट प्रायॉरिटीमध्ये 'रिमूव्हेबल डिव्हाइस' पहिलं केलं, सेव्ह केलं, तरी थेट विंडोज.

सेक्टर सतरा

बऱ्याच जुन्या बायोसला पेनड्राइव्ह म्हणजे हार्ड डिस्कच वाटते. मशीन पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, मगच चालू करा आणि बायोसमध्ये जा. बूटच्याच पानावर खाली 'हार्ड डिस्क ड्राइव्हज' अशी वेगळी ओळ असेल. एंटर मारून आत जा, तिथे तुमच्या डिस्कखाली पेनड्राइव्हचं नाव दिसेल, ते वर न्या. पेनड्राइव्ह न लावता गेलात तर ही ओळ दिसली तरी आत एकच नाव असतं, म्हणून लोक चकतात.

याहून सोपं म्हणजे एका वेळेपुरता बूट मेनू. असुसच्या ई पीसीवर एस्केप, एसरच्या अॅस्पायर वनवर एफ १२ (तो बायोसमध्ये आधी चालू करावा लागतो), लेनोवोच्या एस१० वरही एफ १२. ई पीसीवाल्यांनी बूट बूस्टर बंद करा, तो चालू असेल तर की दाबायला फुरसतच मिळत नाही.

टर्मिनलबुवा

बूट मेनूच वापरा, क्रम बदलू नका. कारण सांगतो. क्रम बदलून पेनड्राइव्ह पहिली डिस्क झाली की लिनक्सही कधीकधी तिलाच एसडीए म्हणतो आणि आतली डिस्क होते एसडीबी. मग शेवटी इन्स्टॉलर 'ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) कुठे टाकू?' विचारतो तेव्हा सवयीने पहिलं नाव निवडलं जातं आणि बूटलोडर जाऊन बसतो पेनड्राइव्हवर. सगळं झक्क चालतं, पेनड्राइव्ह काढेपर्यंत. डिस्क निवडताना नाव वाचू नका, आकार वाचा. २५० जीबीच्या आसपास दिसते ती तुमची.

इन्स्टॉल करताना:

ग्राफिकल इन्स्टॉलर घेतलात तर भाषांच्या यादीत मराठीही आहे, साध्या टेक्स्टवाल्यात ती दिसत नाही. तरी पहिल्यांदा इंग्रजीच ठेवा, काही अडलं तर शोधायला सोपं जातं. रूट पासवर्ड विचारेल, तो रिकामा सोडा, मग पहिल्या युजरलाच सूडोचा (मुख्य चालकाची कामं करायचा) अधिकार मिळतो. सॉफ्टवेअरच्या पानावर नोम हा जड डेस्कटॉप टिकमार्क करून येतो, तो काढा आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी निवडा. हे विसरलात तर कुकरच्या शिट्ट्या पुन्हा सुरू.

वायफायचं फर्मवेअर डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतं. अपवाद काही ब्रॉडकॉमच्या चिपांचा, त्यांचं फर्मवेअर वाटायची परवानगी नसल्याने वेगळं उतरवावं लागतं. अडलंच तर फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा. इन्स्टॉलरला ते साधं वायरवालं नेटवर्क वाटतं.

ऐरोलीचा अण्णा

रानजाई ताई, कुठे अडलात तर शनिवारी मी ठाण्यातच असतो. तलावपाळीला भेटू, माझ्याकडे तयार पेनड्राइव्ह आहे. ऐरोलीहून ठाणे एकच स्टेशन होतं, दिघा गाव झाल्यापासून दोन, तेवढाच काय तो त्रास.

रानजाई

अण्णा, मनापासून आभार, पण गरज लागली नाही. झालं!

सेक्टर सतरा म्हणाले तसं पेनड्राइव्ह लावून मग चालू केला, एस्केपने मेनू आला, यादीत पेनड्राइव्हचं नाव होतं. वायफाय लगेच पकडलं (अॅथेरॉसची चिप निघाली). डिस्क आकार वाचूनच निवडली, आणि बुवांचं म्हणणं खरं होतं, ग्रबच्या पानावर दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. सॉफ्टवेअर उतरवायला मात्र भरपूर वेळ लागला, आमच्याकडे त्या दुपारी वीजही येऊन जाऊन होती. बॅटरी नाही म्हणून जीव मुठीत धरून बसले होते.

एक्सएफसीई टाकलंय. सुरू झाल्याझाल्या साधारण पाव रॅम वापरात दिसते. आई म्हणाली, "हा इतका शहाणा कधी झाला?"

आता दोन कटकटी. एक, पडदा १०२४ बाय ६००, त्यामुळे काही खिडक्यांची 'ओके' बटणं खाली पडद्याबाहेर जातात. दोन, मराठी टायपिंग. आई पूर्वी त्या शिवाजी फाँटच्या पद्धतीने टाइप करायची.

टर्मिनलबुवा

ऑल्ट दाबून ठेवा आणि खिडकी कुठेही धरून माऊसने वर ओढा. मथळा पडद्याबाहेर गेला तरी चालतं. आईंना हे एकदा दाखवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पॅनल आपोआप लपेल असं केलंत तर थोडी जागा सुटते.

झेडरॅम-टूल्स हे पॅकेज टाका, रॅमचाच काही भाग दाबून स्वॅपसारखा (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वापरतं, जुन्या हार्ड डिस्कवर खरखर कमी होते. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हवंच. इथे जाहिराती हे नुसतं डोळ्यांचं दुखणं नाही, अॅटमचा दम त्यातच जातो. यूट्यूब ३६० पीवर ठेवा. आणि टॅब दोन-तीनच उघडे, एवढं पथ्य पाळायला सांगा.

अनुस्वार

टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवू नका. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या पानावर 'भारतीय' या गटात मराठीचे दोन लेआउट आधीपासून असतात, एक इनस्क्रिप्ट आणि एक कगप फोनेटिक. कगपमध्ये इंग्रजीच्या के वर क, जी वर ग असं उच्चाराने चालतं. आईंना ते दोन दिवसांत जमेल. पार्श्वभूमीत काही चालू राहत नाही, रॅमही वाचते. इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एखादी की ठरवून द्या. मी उजवा ऑल्ट टाळतो, लेआउटमधली काही अक्षरं त्यावर असतात.

एक सांगून ठेवतो. फोनवर आपण 'विठ्ठल' इंग्रजीत लिहिलं की अॅप अंदाजाने शब्द सुचवतं, तसं इथे होत नाही. ठ ला ठच दाबावा लागतो. पदं टाइप करणाऱ्याला हेच बरं पडतं. आपण लिहू तेच उमटतं, अंदाज मध्ये येत नाही.

घोडबंदरी

चाललं तर. मान्य. तरी माझा मुद्दा हार्ड डिस्कबद्दल आहे. २०११ ची फिरती डिस्क आहे, तिचा भरवसा धरू नका. पदांची एक प्रत बाहेर ठेवा.

सेक्टर सतरा

घोडबंदरींना +१, आणि हे मी सहसा म्हणत नाही. 🙂 स्मार्टमॉनटूल्स टाकून डिस्कची तब्येत बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर' समोरचा आकडा शून्य असेल तर सध्या ठीक, वाढत चालला असेल तर बदला. कुठलाही २.५ इंची साटा एसएसडी बसतो, सगळ्यात लहान क्षमतेचाही इथे भरपूर झाला. बटण सेलसाठी कीबोर्ड काढणारच आहात, तेव्हा तेही त्याच बैठकीत उरकून घ्या.

रानजाई

शून्य आहे. 🙏 प्रत काढून ठेवलीय. आईने काल कगपवर पहिलं पद पूर्ण केलं, आता मंडळातल्या दुसऱ्या काकूंनी त्यांचा नेटबुक माझ्याकडे पाठवलाय. एन२७० आहे.

टपरीवाला

अभिनंदन, दुकान सुरू झालं तुमचं.

टर्मिनलबुवा

एन२७० असेल तर वर म्हटलं तसं, अँटिएक्स २३ ची ३२ बिट आयएसओ. पेनड्राइव्ह तोच चालेल, पुन्हा लिहून घ्या. काकूंना ब्राउझर लागतच नसेल तर उत्तम, लागत असेल तर फार आशा दाखवू नका.

ऐरोलीचा अण्णा

धाग्यात घुसतो. माझ्याकडे २०१५ च्या आसपासचा टचवाला छोटा लॅपटॉप आहे, कीबोर्ड सुटा होतो. अॅटम झेड३७३५एफ, २ जीबी, ३२ जीबी ईएमएमसी. प्रोसेसर ६४ बिट आहे तरी ६४ बिट लिनक्सचे पेनड्राइव्ह दिसतच नाहीत. रूफसने करून झालं. बूट मेनू रिकामा.

टर्मिनलबुवा

अण्णा, तुमचं दुखणं उलटं आहे. यात साधं बायोस नाही, युईएफआय आहे, आणि प्रोसेसर ६४ बिट असूनही ते युईएफआय ३२ बिटचं आहे. ते पेनड्राइव्हवर बूटआयए३२ नावाची फाइल शोधतं. बऱ्याच ६४ बिट आयएसओंमध्ये ती नसतेच, म्हणून मेनू रिकामा. डेबियनच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये ती सोय आहे, तीच आयएसओ थेट लिहून बघा. सिक्युअर बूट आधी बंद करा. वायफाय बहुधा रिअलटेकची ८७२३बीएस असेल, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.१२ पासून आहे. आवाज आणि टचची खात्री देत नाही, त्यामुळे पुसण्याआधी डेबियनची लाइव्ह आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच चालवून गाणं लावून बघा. आणि यूएसबी पोर्ट एकच असेल तर हब लागेल, नाहीतर पेनड्राइव्ह लावला की माऊसला जागा नाही.